सबर, शिकायत आणि सुटका

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आमच्या मोहल्ल्यात जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या ओसरीवर जमातीची बैठक बसायची. कुणाच्या जागेचे भांडण, कुणाची वाटणी, कुणाच्या लग्नातला रुसवा, सगळे तिथे मिटायचे. एका जुम्याला आमच्या गल्लीतल्या एका खालाचा विषय निघाला. नवरा मारतो म्हणून ती महिनाभर माहेरी येऊन राहिली होती. ओसरीवर तिचे वडील होते, नवरा होता, सासरा होता, जमातीचे चार बुजुर्ग होते. ती स्वतः समोरच्या घरात पडद्याआड उभी होती. तासाभरात निकाल झाला. नवऱ्याला समज दिली गेली, त्याने मान हलवली. मग एका बुजुर्गांनी पडद्याच्या दिशेने आवाज दिला, "बेटी, सबर कर. मरद का गुस्सा है, उतर जाता. घर मत तोड." संध्याकाळी ती सासरी गेली. रात्री जेवताना अम्मी एवढेच म्हणाली, "सबकू पुछे, उसकूच नै पुछे."

ते वाक्य मनातून गेले नाही. पुढे कायद्याची आणि इतिहासाची पुस्तके वाचू लागले तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यापुरता नाही आणि आपल्या समाजापुरताही नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. त्यात सर्व धर्मांच्या स्त्रिया आहेत. पण मुस्लिम स्त्रीपुढे इतिहासाने एक वेगळा पेचही पुन्हा पुन्हा टाकला: धर्म आणि आपली माणसे सांभाळायची की जीव वाचवायचा? हा पेच कसा तयार झाला, तो कोणी सोडवला आणि तो पुन्हा पुन्हा कसा बसत गेला, याचा हा थोडक्यात आढावा.

मदिनेतील तक्रारदार स्त्रिया

ज्या सबरीचा आपण बायकांना उपदेश करतो, ती सबर कुरआनात आहेच. पण कुरआनात तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या नावाचा एक संपूर्ण सूराही आहे. अठ्ठावन्नावा सूरा 'अल-मुजादिला', म्हणजे वाद घालणारी स्त्री. खौला बिन्त सालबा यांना त्यांच्या पतीने रागाच्या भरात आईची उपमा देऊन स्वतःवर निषिद्ध ठरवले होते. जुन्या अरबी रिवाजाप्रमाणे अशी स्त्री ना धड पत्नी, ना धड मोकळी. त्या पैगंबर मुहंमद (स.) यांच्याकडे आल्या, वाद घातला, अल्लाहकडे फिर्याद मांडली. अल्लाहने तिचे बोलणे ऐकले, या अर्थाच्या शब्दांनीच तो सूरा सुरू होतो. पुढे खलिफा झालेल्या हजरत उमर (रजि.) यांनाही याच खौलांनी भर रस्त्यात थांबवून चार शब्द सुनावले आणि ते मुकाट्याने ऐकत उभे राहिले, अशी रिवायत आहे.

दुसरी स्त्री साबित बिन कैस यांची पत्नी. काही रिवायतींत त्यांचे नाव हबीबा बिन्त सहल, तर काहींत जमीला असे येते. इमाम मालिक यांच्या संग्रहात आहे की फजरच्या वेळी पैगंबर घराबाहेर आले तेव्हा त्या अंधारात दाराशी उभ्या होत्या. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात त्यांना पतीने मारून दुखापत केल्याचा उल्लेख आहे. पैगंबरांनी त्यांना सबर करायला सांगून परत पाठवले नाही. पतीने मेहेर म्हणून दिलेली बाग परत करवली आणि पतीला तिला मोकळी करायला सांगितले. खुलाचा आधार म्हणून फिकहचे सगळे ग्रंथ हीच घटना सांगतात. या खुलाची सुरुवात पहाटेच्या अंधारात तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीपासून झाली, हे मात्र आपण सांगायचे विसरतो.

अबू दाऊद यांच्याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. अनेक स्त्रिया पैगंबरांच्या घरी येऊन आपल्या नवऱ्यांच्या मारहाणीच्या तक्रारी सांगू लागल्या. तेव्हा असे पुरुष तुमच्यातले चांगले लोक नव्हेत, असे पैगंबरांनी जाहीरपणे सांगितले. फातिमा बिन्त कैस यांना दोन स्थळे सांगून आली, त्यांतला एक जण काठी खांद्यावरून उतरवत नाही, हे पैगंबरांनी त्यांना स्पष्ट सांगितल्याचे इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलाचा हात उठतो ही गोष्ट झाकून ठेवणे पुण्याचे मानले जाते, त्यांनी या हदीसीकडे पाहावे. आणि हजरत आयेशा (रजि.) यांची साक्ष आहे की पैगंबरांनी कधी कुठल्या स्त्रीवर हात उचलला नाही.

मग सूरा निसाच्या चौतिसाव्या आयतीचे काय, असा प्रश्न येतोच, आणि तो टाळून चालणार नाही. त्या आयतीतील एका शब्दाचा अर्थ बहुतेक भाष्यकारांनी 'मारणे' असाच केला, पण त्याला इतक्या अटी घातल्या की इजा होईल असा मार कुणीही वैध मानला नाही. मक्केचे नामवंत फकीह अता बिन अबी रबाह यांनी तर पुरुषाने पत्नीला मारू नये, फार तर राग दाखवावा, असे मत दिल्याचे जुन्या ग्रंथांत नमूद आहे. हे मत आजच्या कुठल्या सुधारकाचे नाही, पैगंबरांनंतरच्या पहिल्या शतकातल्या विद्वानाचे आहे. आणि लगेच पुढची पस्तिसावी आयत आहे. भांडण वाढले तर दोन पंच नेमा, एक त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. आमच्या ओसरीवर तिच्या बाजूने कोण होते? तिचे वडील. पण त्यांना घाई होती ती मुलगी सासरी पोहोचवण्याची.

पंचांचा अधिकार आणि मालिकी वाट

या पस्तिसाव्या आयतीवरच मजहबांचे रस्ते वेगळे झाले. हनफी फकीहांनी पंचांना समेट घडवणारे मध्यस्थ मानले. नवऱ्याने अधिकार दिल्याशिवाय त्यांना निकाह तोडता येणार नाही, असे त्यांचे मत. मालिकी फकीहांनी पंचांना न्यायाधीशाचे प्रतिनिधी मानले. नवऱ्याला मान्य नसले तरी ते दोघांना वेगळे करू शकतात. शिवाय 'जरर', म्हणजे पत्नीला पोहोचणारी इजा, हे मालिकी कायद्यात निकाह रद्द करायला पुरेसे कारण ठरले.

मालिकी ग्रंथांतली एक व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. स्त्री म्हणते नवरा मारतो, नवरा म्हणतो खोटे आहे, आणि चार भिंतींतल्या गोष्टीला साक्षीदार नाही. अशा वेळी काझी त्या जोडप्याला भल्या, विश्वासू लोकांच्या शेजारात राहायला लावी. ते शेजारी कान आणि डोळे उघडे ठेवत आणि खरे काय ते काझीला सांगत. साक्षीदार नाही म्हणून तक्रार फेकून द्यायची नाही, साक्षीदार मिळेल अशी सोय करायची, हा त्यामागचा विचार. आपल्या मोहल्ल्यात शेजार तर असतोच. भिंतीपलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. पण 'मियाँ-बीबी का मामला' म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो.

भारतात मुसलमान बहुसंख्येने हनफी. त्यामुळे मारझोडीसाठी स्त्रीने स्वतः निकाह रद्द करून घेण्याची वाट इथे जवळजवळ बंदच होती. जोवर काझीचे न्यायालय होते तोवर काझी निदान नवऱ्याला दरडावू शकत होता, नफका द्यायला लावू शकत होता. इंग्रजांनी १८६४ च्या कायद्याने न्यायव्यवस्थेतील काझींचे पद रद्द केले. १८८० च्या काझी कायद्याने काझी नेमण्याची तरतूद पुन्हा झाली खरी, पण ती निकाह लावण्यासारख्या विधींपुरती. न्याय देण्याचा अधिकार त्याला दिला नाही. काझी गेला आणि त्याच्या जागी इंग्रजी कोर्टात हनफी ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरावर चालणारा कायदा आला. ग्रंथातले कडक कलम शिल्लक राहिले, काझीची सदसद्विवेकबुद्धी मात्र गेली.

तरीही काही स्त्रिया त्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. कलकत्त्याच्या शम्सुन्निसा बेगम या श्रीमंत विधवा. दुसऱ्या पतीने, मुन्शी बुझलूर रहीम यांनी, आपली मालमत्ता बळकावली अशी त्यांची तक्रार होती. त्या घर सोडून निघाल्या, तर पतीने पत्नी परत मिळावी म्हणून दावा लावला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८६७ च्या निकालात दोन गोष्टी आल्या. मुस्लिम विवाहितेची मालमत्ता तिची स्वतःची असते. आणि परत जाणे पत्नीसाठी धोक्याचे ठरेल इतका छळ असेल तर कोर्ट तिला नवऱ्याच्या घरी जाण्याचा हुकूम नाकारू शकते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या निकालातली ही समज आमच्या ओसरीवर पोहोचायची होती.

पण परत न जाण्याची मुभा म्हणजे सुटका नव्हे. तिला मोकळी करायला कुणी तयार नव्हते.

पंजाबातील मागचे दार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात एक अशी गोष्ट घडू लागली की तिने उलेमांची झोप उडवली. हनफी कायद्याप्रमाणे पती-पत्नींपैकी एकाने इस्लाम सोडला की निकाह आपोआप तुटतो. हे कलम इंग्रजी कोर्टेही लागू करत. नवऱ्याचा मार, उपासमार, टाकून देणे यांना कंटाळलेल्या काही स्त्रियांना कळले की घराचे पुढचे दार बंद असले तरी हे मागचे दार उघडे आहे. त्या मिशनऱ्यांकडे गेल्या, धर्मांतर केले, कोर्टातून निकाह तुटल्याचा निकाल घेतला. काही जणी नंतर पुन्हा इस्लाममध्ये आल्या. त्यांना धर्म सोडायचा नव्हताच, नवरा सोडायचा होता. पण नवरा सोडायचा तर धर्म सोडण्यावाचून वाट ठेवलेली नव्हती.

या स्त्रियांची नावे इतिहासाला फारशी ठाऊक नाहीत. त्यांच्या मनात कलमा नाकारताना काय झाले असेल, हे कुणी विचारले नाही. पण त्यांच्या त्या एका कृतीने मोठमोठ्या विद्वानांना हलवले. अल्लामा इक्बाल यांनी १९३० साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत पंजाबच्या या स्त्रियांचा उल्लेख केला आणि विचारले की ज्या नियमामुळे स्त्रीला धर्म सोडावा लागतो तो नियम धर्माचे रक्षण करतो असे म्हणता येईल का?

त्याहून महत्त्वाचे पाऊल उचलले ते देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी. 'बहिश्ती जेवर'चे लेखक, परंपरेचे कट्टर पाईक. स्त्रीने इस्लाम सोडल्यास निकाह तुटतो, असे आधी त्यांचेही मत होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते बदलले. नुसते बदलले नाही, तर मदिनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार करून, सहकारी उलेमांना सोबत घेऊन एक ग्रंथ तयार केला: 'अल-हीलतुन नाजिजा'. पूर्ण नावाचा अर्थ, असहाय पत्नीसाठी यशस्वी उपाय. त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. धर्मांतराने निकाह तुटत नाही. नवरा बेपत्ता असेल, पोटाला घालत नसेल, अशा कारणांसाठी हनफी स्त्रीला मालिकी मतानुसार सुटका मिळावी. आणि मुस्लिम काझी नसेल तिथे किमान तीन धर्मनिष्ठ मुसलमानांच्या जमातीला काझीचे काम करता यावे. निकाहाच्या वेळीच पत्नीला तलाकचा अधिकार सोपवणारी अट, म्हणजे तफवीज, लिहून घ्यावी, असेही त्यांनी सुचवले.

हे घडले कसे, याचा विचार केला पाहिजे. थानवी साहेबांना स्त्रीस्वातंत्र्याची चळवळ करायची नव्हती. त्यांना ईमान वाचवायचे होते. पण ईमान वाचवायचे तर मार खाणाऱ्या स्त्रीला वाट द्यावी लागेल, हे त्यांनी ओळखले. एका मजहबात वाट नसेल तर दुसऱ्या मजहबातून आणायची, ही त्यांची तयारी होती. तुर्कस्तानने १९१७ च्या कुटुंब कायद्यात आणि इजिप्तने १९२९ च्या कायद्यात मालिकी मताचा असाच आधार घेतला होता. आपल्या उलेमांनी तो एका कोपऱ्यात सापडलेल्या बायकांसाठी घेतला.

१९३९ चा कायदा

याच विचारातून काझी मुहंमद अहमद काझमी यांनी १९३६ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. जमियत-ए-उलेमा-ए-हिंदचा त्याला पाठिंबा होता. हनफी कायद्यात वाट नसल्यामुळे असंख्य स्त्रियांना अपार दुःख सोसावे लागते, हे विधेयकाच्या उद्दिष्टातच मान्य केले होते. असे खटले मुस्लिम न्यायाधीशापुढेच चालावेत, ही उलेमांची मागणी मात्र वगळली गेली आणि त्यावरून त्यांच्यात नाराजीही झाली. १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा अमलात आला.

या कायद्याने मागचे दार बंद केले. धर्म सोडल्याने यापुढे निकाह आपोआप तुटणार नव्हता. पण त्याच वेळी पुढचे दार उघडले. चार वर्षे पत्ता नसणे, दोन वर्षे पोटगी न देणे, सात वर्षांची कैद अशी कारणे त्यात आहेत. आणि दुसऱ्या कलमात 'क्रूर वागणूक' आहे. तिचे पोटभाग आपल्या प्रत्येक मुलीला पाठ असायला हवेत. सतत मारहाण करणे, किंवा अंगाला हात न लावताही वागणुकीने जगणे असह्य करणे. वाईट चालीच्या स्त्रियांशी संबंध ठेवणे. तिला अनैतिक जगण्यास भाग पाडणे. तिची मालमत्ता विकणे किंवा तिच्या हक्काला आडकाठी करणे. तिला धर्माचरण करू न देणे. एकापेक्षा जास्त बायका असतील तर कुरआनच्या आज्ञेप्रमाणे समान न वागवणे.

'अंगाला हात न लावताही' हे शब्द १९३९ साली कायद्यात आले, तेही मुसलमानांच्या कायद्यात, उलेमांच्या पाठिंब्याने. हिंदू विवाह कायदा त्यानंतर सोळा वर्षांनी आला. आपण मागासलेले, असे कुणी म्हणाले की आपल्याला राग येतो. मग आपल्याच हातातली ही चांगली गोष्ट आपण का मिरवत नाही?

कायद्याचे पाचवे कलम तर जमातीच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावे असे आहे. या कायद्याखाली निकाह रद्द झाला तरी स्त्रीचा मेहेरचा हक्क जात नाही. आपल्याकडे काय होते? मार खाऊन आलेल्या मुलीला सांगतात, "खुला ले लो, मेहेर माफ कर दो, जान छुडाओ." खुलात साधारणपणे मेहेर सोडावा लागतो. छळ नवऱ्याने केला आणि किंमत तिने मोजली. सूरा निसा पुरुषांना स्पष्ट बजावतो की दिलेले परत उकळण्यासाठी स्त्रियांना अडवून धरू नका. फसखचा हक्क असताना तिला खुलाकडे ढकलणे हे या आज्ञेच्या कितपत जवळ आहे, हे पंचांनी आपल्या मनाला विचारावे.

ओसरी, रस्ता आणि कोर्ट

कायदा झाला, पण तो ओसरीपर्यंत उतरला नाही. माझ्या लहानपणीच्या त्या बैठकीत १९३९ चा उच्चारही झाला नव्हता.

महाराष्ट्रात मुस्लिम स्त्रीचे दुःख प्रथम रस्त्यावर आले ते १८ एप्रिल १९६६ रोजी. हमीद दलवाई यांच्यासोबत सात स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची भूमिका आपल्यातील अनेकांना पटली नाही, आजही पटत नाही. पण सात बायकांना मोर्चा काढावा लागला, कारण ओसरीवर त्यांना विचारणारे कुणी नव्हते, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. मंडळाचे सय्यदभाई या कामाकडे वळले ते स्वतःच्या बहिणीचा तलाक पाहून.

मग शाहबानो प्रकरण आले. इंदूरच्या या वृद्धेला १९७५ साली घराबाहेर काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे. त्यानंतर देशभर जे रण पेटले त्यात हा आकडा कुणाच्या लक्षात राहिला नाही. शरियत धोक्यात असल्याची हाक एका बाजूने आली, मुसलमान मागासलेले असल्याची दुसऱ्या बाजूने. अखेर हा निकाल आपल्याला नको, असे पत्र तिच्या अंगठ्यानिशी प्रसिद्ध झाले. पंजाबच्या स्त्रियांना सुटकेसाठी धर्म सोडावा लागला होता. शाहबानोला आपल्या लोकांत राहण्यासाठी भाकरी सोडावी लागली. पेच तोच, फक्त उलटा.

१९८६ च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दानियल लतीफी प्रकरणात सांगितले की इद्दतच्या काळातच पतीने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात ठरवले की तलाक दिला असे नुसते म्हणून चालत नाही. त्याला कारण हवे, त्याआधी दोन्हीकडच्या पंचांकडून समेटाचा प्रयत्न हवा आणि हे सगळे सिद्ध व्हायला हवे. म्हणजे सूरा निसाची पस्तिसावी आयत कोर्टाने आपल्यालाच वाचून दाखवली.

दरम्यान मुंबईत दुसरे एक काम उभे राहत होते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या शहनाज शेख यांच्या पुढाकाराने 'आवाज-ए-निस्वां' सुरू झाली. मोहल्ल्यातल्या बायकांनी मोहल्ल्यातल्या बायकांचे ऐकायचे, हे तिचे वेगळेपण. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडले. नवऱ्याने मारले हे सांगायला न धजावणारी बाई डोक्याला टाके घालायला दवाखान्यात तरी येतेच, ही साधी गोष्ट त्यामागे होती.

पण १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुस्लिम स्त्रीसाठी पोलीस ठाण्याची पायरी आणखी उंच झाली. ज्या ठाण्याच्या भीतीने घरातली पोरे रात्री लपून बसली, तिथेच स्वतःच्या नवऱ्याचे नाव कसे द्यायचे? दिले तर मोहल्ला म्हणणार, हिने आपल्या माणसाला 'त्यांच्या' हाती दिले. न दिले तर तिचे हाड मोडणार. ही भीती बाहेरून मदतीला येणाऱ्या ताई-माईंना कळली नाही तर त्यांच्या दृष्टीने ती नुसती 'घाबरट' ठरते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने या पेचातून एक वाट काढली. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याखाली ती नवऱ्याला तुरुंगात न धाडताही मारहाणीला मनाईचा हुकूम, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा ताबा मागू शकते. त्यासाठी तलाकही घ्यावा लागत नाही. मुंबईतल्या एका मुस्लिम स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की तलाक किंवा खुला झाला तरी आधीच्या हिंसेबद्दल दाद मागण्याचा हक्क संपत नाही. म्हणजे मुफ्तीकडे जाणारी वाट आणि कोर्टाकडे जाणारी वाट या दोन्ही तिच्याच आहेत. २०१९ चा कायदा मात्र एका दमात दिलेल्या तलाकपुरता आहे. त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तलाक न देता रोज मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध त्याचा उपयोग नाही.

याच काळात भारतीय मुस्लिम महिला आंदोलन २००७ मध्ये स्थापन झाले आणि पुढे मुंबईत त्यांनी स्त्रियांच्या शरियत अदालती चालवल्या. तामिळनाडूत पुदुकोट्टईच्या शरीफा खानम यांनी स्त्रियांची जमात उभी केली, कारण पुरुषांच्या जमातीत बाईला बसायला जागाच नव्हती. थानवी साहेबांनी ज्या तीन धर्मनिष्ठ मुसलमानांची कल्पना केली होती, त्यांत बायका का नसाव्यात, असाच जणू त्यांचा प्रश्न आहे.

जाणीवपूर्वक मदत म्हणजे काय

या इतिहासातून दोन चुका स्पष्ट दिसतात. एक आपली, एक बाहेरच्यांची. आपली चूक म्हणजे अब्रू आणि कौम यांच्या नावाखाली तिला गप्प बसवणे. बाहेरच्यांची चूक म्हणजे तुझा धर्मच तुझा मारेकरी आहे, असे सांगून तिच्याकडून पुन्हा पंजाबसारखी किंमत मागणे. धर्माची जाण ठेवून मदत करा, असे म्हटले की काही जणांना वाटते, म्हणजे समेट करा, सासरी पाठवा. तसे नव्हे. जाण ठेवायची ती तिच्या जगण्याची, नवऱ्याच्या रागाची नव्हे.

ही जाण मोठमोठ्या शब्दांत नसते. आश्रयगृहात वजूला पाणी आणि नमाजीला कोपरा असावा, रमजानमध्ये सहेरीची सोय असावी, ताटात हलाल आहे याची खात्री असावी. तिचा बुरखा पाहून समुपदेशक ताईंच्या कपाळाला आठी पडू नये. तिची दखनी समजणारे कुणी असावे. निकाहनामा कुठे आहे, मेहेर किती ठरला, किती मिळाला, हे पहिल्या दिवशी विचारले जावे. खुला आणि फसख यांतला फरक तिला तिच्या भाषेत सांगितला जावा. इद्दतीचे काय, मुलांचे काय, या तिच्या शंका हसण्यावारी नेऊ नयेत. आणि जिवाला धोका असेल तिथे समेटाची बैठकच बसू नये. पस्तिसावी आयत भांडणासाठी आहे. मोडलेल्या हाडासाठी दवाखाना आणि मॅजिस्ट्रेट आहेत.

यातले बरेचसे आपल्या हातात आहे. जुम्याच्या खुत्ब्यात वर्षातून एकदा तरी साबित बिन कैस यांच्या पत्नीची गोष्ट सांगता येईल. निकाहनाम्यात तफवीजची अट लिहिता येईल. जमातीच्या पंचांत दोन स्त्रिया बसवता येतील. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून दार ठोठावणारा शेजारी होता येईल. यासाठी कुठला मजहब सोडावा लागत नाही.

त्या खालाची गोष्ट अपुरी राहिली. दोन वर्षांनी ती माहेरी आली ती कायमची. तिला एका कानाने ऐकू येत नव्हते. या वेळी ओसरीवर बैठक बसली नाही, मिटवण्यासारखे काही उरले नव्हते. ती शिवणकाम करून मुलाला वाढवू लागली. अम्मी तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची आणि तासभर बसून यायची. एकदा मी अम्मीला विचारले, एवढा वेळ तुम्ही काय बोलता? अम्मी म्हणाली, "मै कुछ नै बोलती. वो बोलती, मै सुनती."

चांगल्या कानाच्या बाजूला बसून अम्मी तिचे ऐकत होती. मदत तिथून सुरू होते. फक्त ते ऐकणे दोन वर्षे आधी, ओसरीवर, चारचौघांत व्हायला हवे होते.